कान सांभाळायचा, डोकं हलवायचं

संमतीपत्रावरच्या धोक्यांच्या यादीत चक्कर अगदी खाली होती. तिच्या वर ऐकणं कायमचं जाण्याची शक्यता होती, चेहऱ्याच्या नसेला इजा होण्याची होती, जिभेची चव बदलण्याचीही होती. अशा यादीत ‘काही दिवस चक्कर’ हे सगळ्यांत निरुपद्रवी वाटतं. बहुतेकांच्या बाबतीत ते असतंही तसंच. दोन-चार दिवस डोकं जड, चालताना थोडा झोक जातो आणि मग सगळं ताळ्यावर येतं. माझी चक्कर मात्र काही महिने मुक्कामाला राहिली. कानाचं ऑपरेशन नुकतंच झालंय आणि पलंगाची कड धरून बसून आहात, अशा कुणासाठी हे लिहिते आहे. त्या दिवसांत मला हीच माहिती हवी होती आणि ती तुकड्यातुकड्यांनी मिळत गेली.

माझा आजार ओटोस्क्लेरोसिस. मधल्या कानात तीन चिमुकली हाडं असतात. त्यांतलं तिसरं, रिकीब, हे शरीरातलं सगळ्यांत लहान हाड, जेमतेम तीन मिलिमीटरचं. कानाच्या पडद्यावर आलेली कंपनं ते आतल्या कानाच्या खिडकीपर्यंत पोहोचवतं. या आजारात त्याच्या तळाशी हाडाची नको ती वाढ होते, ते जागच्या जागी घट्ट बसतं आणि ऐकणं हळूहळू मंदावत जातं. ऑपरेशनमध्ये रिकिबीचा वरचा भाग काढतात, तळाच्या पातळ पट्टीला एक मिलिमीटरहून लहान भोक पाडतात आणि त्यात बारीकसा पिस्टन बसवतात. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या जॉन शे यांनी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसवली, तिथून या पद्धतीची सुरुवात झाली. त्या पट्टीच्या पलीकडे आतल्या कानातला द्रव असतो. ऐकण्याचा शंख आणि तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकांना जोडलेल्या असतात, त्यांच्याभोवतीचा द्रवही एकच. ऐकण्यासाठी पाडलेलं भोक तोलाच्या यंत्रणेला जाणवणारच.

भूल फक्त कानापुरती दिली होती. “गरगरलं तर तोंडानं सांगा, मान मात्र हलवू नका,” असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. एका क्षणी ऑपरेशन टेबलावरचा मोठा दिवा बाजूला सरकायला लागला. सरकून परत जागेवर, पुन्हा सरकून पुन्हा जागेवर. “डॉक्टर, फिरतंय,” मी म्हणाले. “बरोबर आहे, डोळे उघडे ठेवा, सावकाश श्वास घ्या,” ते म्हणाले. पाठोपाठ कुणीतरी ट्रेमध्ये चिमटा ठेवला आणि तो आवाज मला उजव्या कानात ऐकू आला, बारीक आणि लख्ख. कित्येक वर्षांनी त्या कानाने असं काही ऐकलं होतं. मला रडू फुटलं आणि त्याच वेळी पोटात ढवळायला लागलं. पुढे कानात पॅकिंग भरलं आणि तो आवाज पुन्हा बंद झाला.

त्या रात्रीबद्दल फार लिहीत नाही, ज्यांना आलीय त्यांना ती माहीत आहे. बंद पंखा फिरत होता, भिंत फिरत होती, डोळे मिटले तर मी पलंगासकट फिरत होते. एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तिने मला ती रात्र तारून नेली. ड्यूटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, “डोळे मिटू नका. समोर एक जागा पकडा आणि तिथेच बघत राहा.” मी समोरच्या स्विचबोर्डचा एक स्क्रू पकडला. त्याच्यावर नजर रुतवली की फिरण्याचा वेग कमी व्हायचा, नजर सुटली की पुन्हा सुरू. डावीकडे बघितलं की जास्त, उजवीकडे बघितलं की कमी, हेही लक्षात आलं. सकाळी डॉक्टरांनी माझ्यासमोर बोट डावी-उजवीकडे फिरवलं आणि माझी बुबुळं कशी झटके देतात ते पाहिलं. माझं निरीक्षण सांगितल्यावर म्हणाले, “अगदी बरोबर पाहिलंत. उजवा कान मंद झालाय, त्यामुळे बुबुळं डावीकडे झटके देतात. तुम्ही डावीकडे बघता तेव्हा ते वाढतात.” नजर एका जागी रोखल्याने कानामुळे येणारे हे झटके दबतात, म्हणून स्क्रूचा उपयोग झाला.

ही चक्कर नेमकी कशाची, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली. आपण नुसते बसलेले असतो तेव्हाही दोन्ही कानांतली तोलाची यंत्रणा मेंदूला सतत संदेश पाठवत असते. दोन्हीकडून सारखे संदेश आले तर मेंदू समजतो, आपण स्थिर आहोत. मान डावीकडे वळवली की डाव्या कानाचे संदेश वाढतात, उजव्याचे घटतात. आता ऑपरेशनने उजवा कान अचानक मंदावला, तर मेंदूला वाटतं मी सारखी डावीकडे वळते आहे. डॉक्टर म्हणाले, जोडीतला एक बैल थकला की गाडी एका बाजूला ओढली जाते, रस्त्यात काही दोष नसतो. गाडीवानाने म्हणजे मेंदूने नव्याने कासरा धरायला शिकायचं.

मेंदू हे शिकतो कसं, यावर पुढचं सगळं अवलंबून होतं.

डिस्चार्जच्या कागदावर सूचनांची मोठी यादी होती. नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, दाबायची नाही. जड उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, संडासला जोर करायचा नाही, त्यासाठी पोट साफ होण्याचं औषध दिलं होतं. कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत विमानप्रवास नाही. झोपताना ऑपरेशनचा कान वर. आणि याच कागदावर खाली लिहिलं होतं: उठून बसा, चाला, मान हळूहळू हलवा. माझी मोठी बहीण सोबतीला आली होती. तिने कागद दोनदा वाचला आणि मला म्हणाली, “अगं, वर सगळं नको-नको लिहिलंय आणि खाली म्हणे मान हलवा! तू आपली गप पडून राहा. मी आहे ना.”

ताईचं म्हणणं मायेचं होतं आणि घरोघरी तेच म्हटलं जातं. मी फोन करून डॉक्टरांना विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते मी नंतर कपाटाच्या दारावर लिहून चिकटवलं: कान सांभाळायचा, डोकं हलवायचं. वरची यादी दाबाची आहे. नाक शिंकरलं, जोर केला, जड उचललं की आतल्या कानातला आणि मधल्या कानातला दाब एकदम वाढतो. पिस्टन सरकू शकतो किंवा भोकातून आतला द्रव झिरपायला लागू शकतो. मान हळू वळवल्याने तसलं काही होत नाही. मान वळवल्यावर जे गरगरतं ते इजेचं लक्षण नाही, ती मेंदूला कळलेली चूक आहे. चूक कळल्याशिवाय तो दुरुस्त काय करणार? पडून राहिलं की गरगरत नाही हे खरं, पण मग शिकणंही थांबतं. मला वाटतं, कानाचं ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाला दाब आणि हालचाल यांतला हा फरक घरी सोडतानाच नीट समजावून सांगायला हवा.

औषधांचंही तेच. पहिले दिवस उलटी थांबवणारी आणि चक्कर दाबणारी औषधं गरजेची होती, कारण उलटीच्या उमाळ्यानेही कानावर दाब येतोच. पण प्रोक्लोरपेराझिन, सिनारिझिन यांसारखी औषधं तोलाचे संदेशच मंद करतात. ती लांबवली तर मेंदूचं जुळवून घेणंही लांबतं. म्हणून डॉक्टरांनी ती काही दिवसांतच बंद केली. बंद केल्याचा दुसरा दिवस वाईट गेला. कपाटावरचा कागद मी त्या दिवशी बऱ्याच वेळा वाचला.

दर तपासणीला डॉक्टर नादकाटा, म्हणजे ठोकल्यावर घुमणारा धातूचा दुबेळका, ठोकून त्याची दांडी माझ्या कपाळावर मधोमध टेकवत आणि विचारत, “आवाज कुठल्या कानात?” पॅकिंग असेपर्यंत तो ऑपरेशनच्या कानातच ऐकू यायला हवा. तो दुसऱ्या कानाकडे गेला तर आतल्या कानाला इजा झाल्याची शंका घ्यावी लागते. म्हणून हा साधा प्रश्न मी श्वास रोखून ऐकायची. आतली सूज उतरावी म्हणून थोडे दिवस स्टेरॉइडच्या गोळ्याही दिल्या. कशाची वाट न बघता लगेच यायचं तेही त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं: आलेलं ऐकणं एकाएकी कमी झालं, कमी होत आलेली चक्कर पुन्हा जोरात उसळली, खोकलं किंवा जोर केला की गरगरलं, कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं वाहिलं, ताप येऊन मान आखडली, चेहरा एका बाजूला ओढला गेला. एकाची दोन दिसणं, बोबडी वळणं, हात-पाय लुळा पडणं हा तर कानाचा विषयच नव्हे, तेव्हा सरळ इमर्जन्सीत जायचं. ही यादी ताईने पाठ केली होती. तिच्या धास्तीला त्यामुळे जरा शिस्त आली.

भिंत फिरणं थांबलं, पण मग दुसरंच सुरू झालं. मान वळवली की जग अर्धा क्षण उशिराने वळायचं. चालताना समोरच्या पाट्या हिंदकळायच्या. डोळे ताणून वाचलेली ओळ पानावर सरकायची. आधी सरळ आवर्तात सापडल्यासारखं होतं, आता सगळं किंचित सुटं झालं होतं. लोकांना हे सांगता येत नाही, कारण बाहेरून माणूस ठीक दिसतो. तपासणीत प्रत्येक कानात गार आणि गरम हवा सोडून बुबुळांची हालचाल मोजली. उजव्या कानाचा प्रतिसाद क्षीण निघाला. या चाचणीचं मूळ व्हिएन्नाच्या रॉबर्ट बाराणी यांच्याकडे जातं. कान धुताना पाणी गार असलं तर रुग्णाची बुबुळं एका दिशेला झटके देतात आणि गरम असलं तर उलट्या दिशेला, हे त्यांनी हेरलं. तोलाच्या यंत्रणेवरच्या या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल मिळालं. माझं बोलणं कुणाला पटो न पटो, त्या आलेखावरची बुटकी रेघ बघून मला फार बरं वाटलं. जे होतंय ते खरं होतं आणि मोजता येत होतं.

तिथून मला तोलाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पहिल्या दिवशी मॅडमनी कागदावर ठसठशीत ‘क’ काढला आणि माझ्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीला चिकटवला. हातभर अंतरावर मला खुर्चीत बसवलं. “नजर ‘क’वर. मान डावी-उजवी, नाही म्हणताना हलवतो तशी. ‘क’ स्पष्ट दिसला पाहिजे. पुसट व्हायला लागला की वेग किंचित कमी करायचा, थांबायचं नाही.” मी मान हलवली. डावीकडे जाताना ‘क’ जागेवर होता. उजवीकडे वळताना मात्र तो मानेबरोबर ओढला जायचा आणि मग टुणकन परत यायचा, त्याचा गोल भाग दोन-दोन दिसायचा. बरी माणसं मान हलवतात तेव्हा कानाचा संदेश क्षणार्धात डोळ्यांपर्यंत जातो आणि डोळे तेवढेच उलट दिशेला वळतात. म्हणून जग हलत नाही. माझ्या उजव्या बाजूचं हेच काम बिघडलं होतं. एक मिनिटाच्या आत तळहाताला घाम आला, मळमळलं. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि त्रास शमायला किती वेळ लागतो ते लिहून घेतलं.

त्यांचा नियम फार उपयोगी पडला. व्यायामाने चक्कर थोडी वाढलीच पाहिजे, नाहीतर तो व्यायाम मेंदूला काही शिकवत नाही. पण ती पंधरा-वीस मिनिटांत शमली पाहिजे. दिवसभर रेंगाळली तर मात्रा जास्त झाली, उद्या कमी करायची. काहीच झालं नाही तर मात्रा वाढवायची. “बरं वाटेल तेव्हा करीन असं नका ठरवू,” त्या म्हणाल्या, “दिवसातून थोडं-थोडं, पण रोज.” मग बसून जमलं की उभं राहून, उभं राहून जमलं की चालताना. ‘क’च्या मागे आधी कोरी भिंत, नंतर चौकड्यांची चादर. कोपऱ्यात भिंतीला पाठ करून, पुढ्यात खुर्ची ठेवून, उशीवर उभं राहणं, आधी डोळे उघडे, मग मिटून. पावलाला पाऊल लावून चालणं. चालता-चालता मान वळवून ताईने दाखवलेल्या बोटांची संख्या सांगणं. पहिले काही आठवडे ताई माझ्या मागे हात पसरून चालायची.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कानाचे सर्जन कॉथॉर्न आणि पुनर्वसनाचे डॉक्टर कुक्सी यांच्या लक्षात आलं की डोक्याला मार लागून चक्कर येणाऱ्यांपैकी जे हिंडत-फिरत राहतात ते लवकर सावरतात. त्यांनी पलंगावर पडून नुसते डोळे फिरवण्यापासून चेंडू फेकत चालण्यापर्यंतची व्यायामांची मालिका बांधली. आज ती प्रत्येक रुग्णाच्या तक्रारीनुसार बेतून घेतात, पण मूळ तेच.

माझ्या बाबतीत सगळ्यांत हट्टी निघाली ती डोळ्यांवरची भिस्त. तोलासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून खबर मिळते: कान, डोळे, आणि पाय-मानेच्या स्नायूंतली जाणीव. कानाची खबर संशयास्पद झाली की मेंदू डोळ्यांना चिकटतो. मग डोळ्यांसमोर काहीही वेगाने हललं की आपणच हललो असं वाटतं. फोनवर बोटाने मजकूर सरकवला की मळमळायचं. दोन्ही बाजूंना खच्चून भरलेल्या मांडण्यांमधून चालणं नको व्हायचं. उलट अंधारात डोळ्यांचा आधार गेला की पाय डळमळायचे. म्हणून रात्री खोलीपासून बाथरूमपर्यंत मंद दिवा लावून ठेवला. तोंड धुताना डोळे मिटायच्या आधी एक हात बेसिनला टेकवायची सवय लावली, डोक्यावरून आंघोळ स्टुलावर बसून. उंचावर चढणं आणि गाडी चालवणं डॉक्टरांच्या परवानगीपर्यंत बंद. पोहणं तर फारच जपून, कारण पाण्याखाली वर-खाली कळण्यासाठी कान लागतो आणि तिथे चूक झाली तर जिवावर बेतू शकतं.

थकव्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जे काम मेंदू आजवर आपोआप करायचा ते आता लक्ष देऊन करावं लागतं, त्यामुळे दुपारपर्यंत माणूस रिकामा होतो. चालताना कुणी बोललं की मला थांबावं लागायचं. शब्द आठवायचे नाहीत. चिडचिड व्हायची. आणि भीती. चक्कर आली नाही तरी येईल म्हणून मान आखडून धरायची, मग मान दुखायची, मान दुखली की डोकं हलकं वाटायचं, आणि ते पुन्हा चक्करच वाटायची. मॅडमनी हे ओळखलं. कानाचं दुखणं बरं होत आल्यावरही तीन महिने किंवा जास्त काळ रोज तरंगल्यासारखं, डळमळल्यासारखं वाटत राहणं ही एक मान्य झालेली अवस्था आहे. बाराणींच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१७ मध्ये तिचे निकष ठरवले. तिथवर पोहोचू नये म्हणून मॅडमनी मला खांदे सैल सोडून चालायला लावलं, आणि मी टाळत होते त्या प्रत्येक जागी थोडा-थोडा वेळ जायला लावलं. मनाचं आणि कानाचं वेगळं काढता येत नाही, हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला कमीपणा वाटला नाही.

सगळं रुळावर येतंय म्हणेपर्यंत एका पहाटे कुशीवर वळले आणि खोली पुन्हा गरकन फिरली. जीव घाबरा झाला. पिस्टन सरकला असंच वाटलं. पण ही चक्कर वेगळी होती. वळल्यावर दोन-तीन सेकंदांनी सुरू झाली, मिनिटाच्या आत थांबली, स्थिर राहिलं की काहीच नाही, ऐकणंही जसंच्या तसं. डॉक्टरांनी मला बसवून, मान उजवीकडे वळवून झटकन मागे निजवलं आणि बुबुळं पाहिली. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात, ते जागचे निसटून अर्धवर्तुळाकार नलिकेत जातात. कानाच्या ऑपरेशननंतर असं होऊ शकतं. त्यावर औषध लागत नाही. अमेरिकेतल्या डॉ. एप्ली यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत आहे: डोकं ठरावीक क्रमाने वळवत खडे परत जागेवर न्यायचे. पलंगावरच्या त्या काही मिनिटांनी ती चक्कर गेली. हे स्वतःच्या स्वतः, विशेषतः ऑपरेशननंतरच्या सुरुवातीच्या आठवड्यांत, करू नये. चक्कर कुठली आहे हे आधी डॉक्टरांनी बघावं.

आता मी चालते, बोलत चालते, वळून बघते. जिभेवरची धातूसारखी चव केव्हाच गेली. ताप आला, झोप कमी झाली किंवा फार दगदग झाली की उजवीकडे झोक जातो आणि ‘क’ पुन्हा किंचित ओढला जातो. मेंदूने बसवलेली घडी अशा दिवशी जरा विस्कटते, हे मॅडमनी सांगून ठेवलंय. तेव्हा मी दोन दिवस कागद पुन्हा भिंतीला लावते. एमआरआय काढायची वेळ आली तर दाखवायला पिस्टनचं कार्ड पाकिटात असतं.

उजव्या कानाने ऐकू छान येतं. हा आजार बहुतेकांना दोन्ही कानांत होतो, मलाही डाव्या कानाने कमी ऐकू येतं. डॉक्टरांच्या मते त्याचंही ऑपरेशन होऊ शकतं, घाई मात्र नाही. मी त्यांना सरळ विचारलं, “उजव्या बाजूचा तोल आधीच क्षीण आहे. डाव्या बाजूलाही तसंच झालं तर मेंदू कुणाच्या भरवशावर शिकणार?” त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, हाच प्रश्न त्यांच्याही मनात आहे. सध्या डाव्या कानाला श्रवणयंत्र लावलं आहे. त्याने काम भागतं आहे, आणि ऑपरेशनचं आम्ही पुढच्या श्रवणचाचणीनंतर पुन्हा बोलणार आहोत.